आत्याबाईला मिशा असत्या तर... : जर-तरच्या कादंबऱ्यांमधून संशोधन शिकताना

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या संशोधन सल्लागार समितीची, म्हणजे आपण सगळे जिला आरएसी म्हणतो तिची, पहिली बैठक होती. विषय होता मराठी विज्ञानकथेचा इतिहास. मी एमएस्सी भौतिकशास्त्राची, इतिहासात नवखी, त्यामुळे तयारी जरा जास्तच करून गेले होते. एका स्लाइडवर ठळक अक्षरांत वाक्य होतं: ‘मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेमुळे मराठी विज्ञानकथा बहरली.’

समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “आणि ती स्पर्धा झालीच नसती तर?”

मी म्हटलं, “मॅडम, इतिहासात जर-तरला अर्थ नसतो ना? आत्याबाईला मिशा असत्या तर...”

त्या हसल्या. म्हणाल्या, “मग वाक्यातला ‘मुळे’ पण काढून टाका.”

घरी येताना बसमध्ये मला त्यांचं म्हणणं कळलं. ‘अमुकमुळे तमुक झालं’ असं आपण लिहितो तेव्हा ‘अमुक नसतं तर तमुक झालं नसतं, निदान असं झालं नसतं’ हा दावा त्यात गुपचूप बसलेला असतो. प्रयोगशाळेत हा दावा तपासायची सोय असते. एक चल बदला, बाकीचे स्थिर ठेवा, पुन्हा मोजा. इतिहासात पुन्हा मोजता येत नाही, म्हणून तो दावा तपासायचाच राहून जातो.

तुमच्यापैकी बरेच जण आता सिनॉप्सिस लिहिताय. प्रत्येकाच्या सिनॉप्सिसमध्ये चार-पाच ‘मुळे’ नक्की असतील. ते कसे तपासायचे हे मला शिकवलं ते कादंबऱ्यांनी, आणि खरं सांगायचं तर कादंबऱ्यांपेक्षाही त्यांच्यावर भांडणाऱ्या वाचकांनी. आजचा लेख त्याबद्दल.

पानिपतचा ‘जर’

सुरुवात घरापासून करू. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तुम्ही मराठीत वाचली नसेल, तरी तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने भेटलं असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे, पण देशावर राज्य तिचं नाही. टाउन हॉलच्या ग्रंथालयात पुस्तकं चाळताना त्यांना कळतं की या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. फरक एवढाच, की विश्वासरावांना लागलेली गोळी इथे त्यांना चाटून गेली.

ही कथा मी किमान वीस जणांशी बोलले असेन. हॉस्टेलच्या मेसमध्ये, गावी काकांशी, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. गंमत अशी की कथा एकच, पण प्रत्येकाचा आक्षेप वेगळा.

आमचे काका म्हणाले, “गोळी चुकली असती तरी काय? घोड्यांना चारा कुठून येणार होता?” मुद्दा बिनतोड आहे. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दक्षिणेकडची वाट अडवली. पुढचे अडीच महिने छावणी पानिपतला कोंडली गेली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला, संक्रांतीच्या दिवसांत, जे सैन्य मैदानात उतरलं ते उपाशी होतं. काकांच्या मते लढाई भुकेने हरवली. विश्वासरावांची गोळी हा शेवटचा धक्का.

माझी मैत्रीण राज्यशास्त्राची. तिचा ‘जर’ सुरजमल जाटांचा. बायकामुलं, यात्रेकरू आणि जड सामान मागे ठेवून हलक्या फौजेनिशी लढावं, असा सल्ला त्यांनी दिल्याचं इतिहासकार नोंदवतात. तो मानला गेला नाही आणि सुरजमल बाजूला झाले. तिच्या मते मित्र टिकले असते तर रसदही आली असती, म्हणजे काकांचं उत्तर तिच्या उत्तराच्या पोटात.

तिसरा एक कनिष्ठ विद्यार्थी म्हणाला, “ताई, पानिपत जिंकलं असतं तरी इंग्रज थांबले असते असं कशावरून?” हा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचला. प्लासी १७५७ ची, म्हणजे पानिपतच्या आधीची. पानिपतनंतर दोनच दिवसांनी, १६ जानेवारी १७६१ ला, फ्रेंचांची पुद्दुचेरी इंग्रजांच्या ताब्यात गेली. त्या घटनेचा विश्वासरावांच्या गोळीशी काडीचाही संबंध नाही. उलट बाजूने पाहिलं तर पानिपत हरूनही दहा वर्षांत, १७७१ साली, मराठे दिल्लीत परत आले. मग ‘पानिपतामुळे इंग्रजांचं राज्य आलं’ या वाक्यातल्या ‘मुळे’चं वजन नेमकं किती?

आता या तिघांनी काय केलं ते बघा. कुणीही नवा कागद शोधून आणला नाही. पण प्रत्येकाने आपला ‘जर’ मांडला आणि त्यातून इतिहास कशाने चालतो याबद्दलची आपली समजूत उघड केली. एकाची समजूत अन्नधान्याची, एकीची मैत्री-करारांची, एकाची समुद्रापलीकडच्या व्यापारी सत्तेची. नारळीकरांची स्वतःची समजूत भौतिकशास्त्रज्ञाची. कथेच्या शेवटी ते अचानक दिशा बदलणाऱ्या प्रणालींचा आणि पुंजभौतिकीचा आधार घेतात. लहानशा फरकाने प्रणाली या फाट्याला जाईल की त्या, हे ठरू शकतं. मी भौतिकशास्त्राची असल्याने मला तो युक्तिवाद पहिल्याच वाचनात पटला होता. काकांनी चाऱ्याचा प्रश्न विचारला तेव्हा लक्षात आलं की मला तो पटला होता कारण तो माझ्या विषयातला होता.

आपली समजूत आपल्यालाच दिसत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही ती अशीच लपलेली असते.

वाचकांची पत्रं

वाचकांचं हे भांडण नवं नाही. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं. १९२७ पासून त्यात वाचकांच्या पत्रांचं सदर आलं, आणि पत्राखाली वाचकाचा पूर्ण पत्ता छापला जाऊ लागला. परिणाम असा झाला की वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहू लागले. पुढे विज्ञानकथा वाचकांची मंडळं उभी राहिली, त्याची एक मुळी या पत्त्यांमध्ये आहे.

१९२९ मध्ये गर्न्सबॅकने ‘सायन्स वंडर स्टोरीज’मध्ये कालप्रवासाचा प्रश्न थेट वाचकांपुढे टाकला. भूतकाळात जाऊन आपल्याच पूर्वजाला मारलं तर आपण जन्मलो कसे, आणि जन्मलो नाही तर त्याला मारलं कुणी? आज याला आपण ‘आजोबांचा विरोधाभास’ म्हणतो. तो गाजला तो एखाद्या तत्त्वज्ञाच्या ग्रंथातून नव्हे, तर स्वस्त कागदावरच्या मासिकांतून आणि त्यांच्या वाचकांच्या वादांतून.

१९३४ मध्ये मरे लाइन्स्टरची ‘साइडवाइज इन टाइम’ आली. तिच्यात पृथ्वीचे तुकडे वेगवेगळ्या इतिहासांतून येऊन एकमेकांना चिकटतात. कुठे रोमन सैनिक दिसतात, तर कुठे अमेरिकी यादवी युद्ध दक्षिणेने जिंकलेलं असतं. आज पर्यायी इतिहासाच्या उत्तम कथा-कादंबऱ्यांना मिळणारा पुरस्कार याच कथेच्या नावाने ‘साइडवाइज’ म्हणून ओळखला जातो.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली जोडी मात्र पुढची. १९३९ साली एल. स्प्रेग डी कँपने ‘लेस्ट डार्कनेस फॉल’ लिहिली. मार्टिन पॅडवे हा पुरातत्त्वज्ञ सहाव्या शतकातल्या रोममध्ये जाऊन पडतो. खिसा जवळजवळ रिकामा. तो आधी दारू गाळायचा धंदा काढतो. सावकाराकडून कर्ज मिळवताना त्याला आपले अंक आणि हिशेबाची नवी पद्धत शिकवतो, मग छापखाना टाकतो. शेवटी युरोपवर येऊ घातलेलं अंधारयुग थोपवतो. लेखकाने एक प्रामाणिकपणा दाखवलाय: पॅडवेला तोफेची दारू काही जमत नाही. डोक्यात माहिती आहे, पण ती उतरवणारा हात नाही.

१९५६ मध्ये पोल अँडरसनने ‘द मॅन हू केम अर्ली’ लिहिली. डी कँपला दिलेलं उत्तर म्हणूनच ती वाचली जाते. आइसलँडमधला एक अमेरिकी सैनिक सुमारे हजार वर्षं मागे जातो. त्याला यंत्रं, जहाजं, पूल सगळं ठाऊक आहे. पण हत्यारं नाहीत, धातू नाही, आणि तिथल्या लाकडाची, लाटांची जाण त्याच्यापेक्षा स्थानिकांना जास्त. शेवटी तो एका भांडणात मरतो, कारण त्या समाजात ज्याच्या पाठीशी भाऊबंद नाहीत त्याला कायदाही वाचवू शकत नाही.

दोन्ही कथा ओळीने वाचा. प्रश्न एकच आहे: एका माणसाच्या ज्ञानाने इतिहास बदलतो का? डी कँप म्हणतो बदलतो, थोडी अक्कल आणि थोडा धंदा हवा. अँडरसन म्हणतो ज्ञानाला भोवतालचा समाज लागतो, नाहीतर ते वांझ. विज्ञानाचा इतिहास शिकणाऱ्यांसाठी हाच तर मूळ वाद आहे! आपल्याकडे ‘अमुक शास्त्रज्ञामुळे तमुक क्षेत्र उभं राहिलं’ असं सर्रास लिहिलं जातं. तिथे अँडरसनचा सैनिक आठवावा.

एके-४७ आणि अंगठी

पण कुठलाही ‘जर’ चालतो का? नाही. इथे पर्यायी इतिहास आणि अद्‌भुतिका यांतला फरक कामाला येतो.

हॅरी टर्टलडव्हची ‘द गन्स ऑफ द साउथ’ (१९९२) बघा. भविष्यातून आलेले वर्णवर्चस्ववादी दक्षिण आफ्रिकन लोक १८६४ मध्ये जनरल लीच्या सैन्याला एके-४७ बंदुका देतात. वाचायला मजा येते. पण दक्षिण का हरली हे तपासायला ती बंदूक निरुपयोगी, कारण १८६४ मध्ये ती कुणालाच मिळणं शक्य नव्हतं. याउलट फिलिप के. डिकच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’चा (१९६२) ‘जर’ बघा. फेब्रुवारी १९३३ मध्ये मायामीत रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वास्तवात ते वाचले आणि शिकागोचे महापौर सेर्माक त्या जखमेने गेले. कादंबरीत रूझवेल्ट मरतात आणि पुढे जर्मनी व जपान महायुद्ध जिंकतात. पुढचा डोलारा तुम्हाला पटो न पटो, पहिली गोष्ट मात्र सहज घडू शकली असती. विश्वासरावांची गोळी याच जातीची.

अद्‌भुतिकेत तर जगाचे नियमच नवे असतात. मग तिथे ‘असं होऊच शकत नाही’ असं म्हणायला जागा नाही का? आहे. टॉल्किनने १९३९ मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात मांडलेली कल्पना अशी, की लेखक एक दुय्यम जग रचतो आणि त्या जगाचे नियम पाळले जातात तोवर वाचकाचा विश्वास टिकतो. अद्‌भुतिकेचे वाचक म्हणूनच ‘ड्रॅगन असतो का’ यावर भांडत नाहीत. ‘ड्रॅगन आहे, तर मग किल्ल्याच्या भिंती कशाला बांधल्या’ यावर भांडतात. प्रबंधाच्या भाषेत ही अंतर्गत सुसंगतीची तपासणी झाली.

टॉल्किनचंच अजून एक उदाहरण मला फार आवडतं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचं रूपक आहे, असं बरेच वाचक म्हणायचे. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने याला उत्तर दिलं. नुसतं ‘नाही’ म्हणून तो थांबला नाही. खऱ्या युद्धाने कथेला वळण दिलं असतं तर काय झालं असतं, ते त्याने लिहिलं: अंगठी नष्ट न होता सॉरॉनविरुद्धच वापरली गेली असती, आणि सॉरॉनचा नाश न होता तो गुलाम झाला असता. म्हणजे ‘युद्धामुळे ही कथा अशी झाली’ हा दावा त्याने त्याच्याच जर-तरने तपासला आणि खोडला. समितीपुढे असं उत्तर देता आलं तर अजून काय हवं?

इतिहासकारांचं म्हणणं

हे सगळं कादंबऱ्यांपुरतं ठीक, असं तुमचे मार्गदर्शक म्हणू शकतात. त्यांच्या बाजूने ई. एच. कार उभे आहेत. १९६१ मध्ये त्यांनी या प्रकाराला दिवाणखान्यातला खेळ ठरवून टाकलं होतं. पण दुसऱ्या बाजूलाही मोठी माणसं आहेत. मॅक्स वेबरने १९०६ मध्येच मॅरेथॉनच्या लढाईचं उदाहरण घेऊन दाखवलं, की एखादी घटना महत्त्वाची म्हणताना आपण ती मनातल्या मनात काढून बघतोच. नायल फर्ग्युसनने १९९७ मध्ये एक अट घातली: त्या काळच्या माणसांनी स्वतः ज्यांचा विचार केला आणि ज्यांची नोंद उरली आहे, तेच पर्याय घ्यायचे. या अटीवर एके-४७ बाद होते. सुरजमलचा सल्ला मात्र टिकतो, कारण तो त्या छावणीतच चर्चिला गेला होता.

आणि रॉबर्ट फोगेल. अमेरिकेची आर्थिक वाढ रेल्वेमुळे झाली हे सगळ्यांना पाठ होतं. १९६४ च्या पुस्तकात त्याने रेल्वे काढून टाकली, कालवे आणि घोडागाड्या ठेवल्या, आणि १८९० सालचा हिशेब मांडला. फरक राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम काही टक्क्यांचा निघाला. त्यावर प्रचंड वाद झाला, अजूनही होतो. पण त्यानंतर ‘रेल्वेमुळे’ हा शब्द कुणाला फुकटात वापरता आला नाही. १९९३ मध्ये फोगेलला डग्लस नॉर्थसोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

माझ्या ‘मुळे’चं काय झालं

आता परत माझ्या स्लाइडकडे. स्पर्धा झालीच नसती तर?

मी यादी करायला बसले. मराठीत विज्ञानकथा गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सापडते. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला होता. अंतरकरांच्या ‘नवल’मध्ये चमत्कारिक, अद्‌भुत कथांना घर मिळालं होतं. नारायण धारप आधीपासून लिहीत होते. म्हणजे स्पर्धा काढून घेतली तरी विज्ञानकथा उरतेच. ‘बहरली’ या शब्दाचा अर्धा भाग तिथेच गळाला.

मग मी म्हटलं, ठीक आहे, स्पर्धेमुळे निदान नारळीकर मिळाले! १९७४ मध्ये त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. भौतिकशास्त्राच्या माणसाला यात लगेच दिसतं की हा जवळजवळ नियंत्रित प्रयोग आहे. परीक्षकांना नाव माहीत नव्हतं, म्हणजे बक्षीस नावामुळे मिळालं नाही. पण पुढे विज्ञानकथेकडे वळलेलं लक्ष कथेमुळे की नावामुळे, हे मात्र या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी नाव उघड होण्याआधीचे आणि नंतरचे अंक, परीक्षणं, वाचकांची पत्रं शेजारी ठेवून वाचावी लागतील. तो एक वेगळाच, आधी माझ्या डोक्यातही नसलेला प्रश्न होता.

माझ्या त्या वाक्याभोवती लिहिलेली तेवीस पानं मी काढून टाकली. रडू आलं, खोटं कशाला सांगू. आता तिथे लिहिलंय की स्पर्धेने आधीपासून लिहिणाऱ्यांना एक जागा आणि नव्यांना एक निमित्त दिलं, आणि हे किती जणांबाबत खरं आहे ते लेखकागणिक तपासलं आहे. वाक्य लंगडं वाटतं, पण कुणी ‘नसती तर’ विचारलं की माझ्याकडे आता उत्तर असतं. पुढच्या बैठकीत बाईंनी ते पान वाचलं, मान हलवली आणि पुढच्या पानावर गेल्या. आमच्याकडे यालाच शाबासकी म्हणतात.

तुम्हाला करून बघायचं असेल तर असं करा. सिनॉप्सिसमधले सगळे ‘मुळे’, ‘परिणामी’, ‘म्हणूनच’ अधोरेखित करा. प्रत्येकापुढे ‘नसतं तर’ लिहा. तो ‘जर’ त्या काळात शक्य होता का, हे विचारा. तो बदलल्यावर बाकी काय तसंच राहिलं असतं याची यादी करा, विश्वासराव वाचले तरी घोडे उपाशीच राहतात तशी. मग तुमच्या विषयाबाहेरच्या एका माणसाला ते वाचायला द्या आणि त्याला भांडू द्या. माझ्यासाठी ते काम काकांनी केलं, आणि त्यांनी पीएचडी केलेली नाही.

समितीने विचारायच्या आधी घरच्या कुणीतरी विचारलेलं बरं.